घरातले कोन शोधायचा प्रोजेक्ट मिळालाय? मग सामान काढा आणि या क्रमाने करा

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या धाकट्याला शाळेतून प्रोजेक्ट आला, 'घरातील व परिसरातील किमान २० कोन शोधा, मोजा व प्रकार लिहा.' सुट्टी संपायला दोन दिवस राहिले तेव्हा त्याला तो आठवला, आणि मग अर्थातच ताईला, म्हणजे मला, कामाला लावलं. त्या दोन दिवसांत करता येण्यासारख्या सगळ्या चुका आम्ही केल्या, एक अख्खं पान फाडून परत लिहिलं, म्हणून म्हटलं तुमच्यासाठी नीट क्रमाने लिहून ठेवते. पाचवी-सहावीच्या मुलामुलींनी हे सरळ समोर ठेवून करायला घ्या. आईबाबांनी वाचलं तरी चालेल, पण मोजायचं तुम्हीच.

आधी सामान गोळा करा

- कंपासपेटीतला कोनमापक, पारदर्शक असेल तर उत्तम. पट्टी आणि टोक केलेली पेन्सिल. बोथट पेन्सिलने रेघ जाड येते आणि दोन-तीन अंश तिथेच इकडचे तिकडे होतात.
- एक रद्दी कागद, कुठल्याही आकाराचा, फाटका असला तरी चालेल.
- जाड पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या, साधारण वीतभर लांब, आणि एक टाचणी. आईस्क्रीमच्या दोन काड्या असतील तर त्याही चालतात, फक्त भोक मोठ्या माणसाकडून पाडून घ्या, काडी उभी चिरते.
- खडू, आणि कच्ची वही. पक्क्या वहीत डायरेक्ट लिहायला जाऊ नका, त्या फाडलेल्या पानाची गोष्ट पुढे सांगते.

१. कोपरे शोधू नका, फिरणं शोधा

पहिल्या दिवशी धाकट्याने जी यादी केली ती अशी होती: टेबलाचा कोपरा, खिडकीचा कोपरा, फ्रिजचा कोपरा, वहीचा कोपरा, टीव्हीचा कोपरा. एकवीस वस्तू, आणि एकवीसच्या एकवीस काटकोन! खूष होऊन दाखवायला आला. म्हटलं अरे, तू एकच कोन एकवीस वेळा शोधलायस.

हे होतं कारण आपण कोन म्हणजे कोपरा असं धरून चालतो. कोपरा हा कोन असतोच, पण कोन म्हणजे खरं तर एक भुजा दुसरीपासून किती फिरली त्याचं माप. दार बंद आहे तेव्हा शून्य, थोडं उघडलं की छोटा कोन, अजून उघडलं की मोठा, दार तेच पण कोन बदलत गेला. म्हणून घरात जे जे उघडतं, मिटतं, वाकतं, फिरतं ते आधी बघा. कात्री, अडकित्ता, सांडशी, लॅपटॉप, पुस्तक, छत्रीच्या काड्या, तुमचं स्वतःचं कोपर, गुडघा. यादी आपोआप वाढते.

प्रत्येक वस्तूत तीन गोष्टी बोट लावून दाखवता आल्या पाहिजेत: शिरोबिंदू कुठे, पहिली भुजा कुठली, दुसरी कुठली. कात्रीत शिरोबिंदू म्हणजे मधला स्क्रू. दारात बिजागरी. हे बोटाने दाखवता आलं नाही तर ती वस्तू यादीत घेऊ नका, मॅडम तोंडीला नेमकं हेच विचारतात.

आणि भुजा लांब म्हणजे कोन मोठा, असं अजिबात नाही. छोटी कात्री आणि शिंप्याची मोठी कात्री सारखीच उघडली तर कोन सारखाच. कितीही वेळा सांगा, सगळे इथे एकदा तरी फसतात.

२. फुकटचा गुण्या बनवा

आता तो रद्दी कागद घ्या. कशीही एक घडी घाला, घडीवर नखाने दाबा. झालेली कड एकदम सरळ आहे ना? आता ती सरळ कड तिच्या स्वतःवरच बरोबर बसेल अशी दुसरी घडी घाला. जो कोपरा तयार झाला तो काटकोन, ९० अंश. कागदाला स्वतःचा एकही धड कोपरा नसला तरी येतोच, कारण सरळ घडी म्हणजे १८० आणि तिचे दोन सारखे भाग केले की ९०. अजून एकदा मधोमध दुमडलं की ४५.

हा कागद खिशात ठेवा. कुठलाही कोन दिसला की आधी हा लावून बघायचा. वस्तूचा कोन याच्या आत बसला तर लघुकोन, बरोबर जुळला तर काटकोन, बाहेर गेला तर विशालकोन. अर्धा प्रोजेक्ट इथेच होतो, कोनमापक पेटीतून काढायलाही लागत नाही.

३. नावं

वस्तू हातात धरून नावं घेतली की लक्षात राहतात, नुसती घोकली की विशाल आणि प्रविशालची खिचडी होते.

- शून्य कोन: ०. मिटलेला चिमटा, दोन्ही भुजा एकमेकांवर.
- लघुकोन: ० पेक्षा जास्त, ९० पेक्षा कमी.
- काटकोन: बरोबर ९०.
- विशालकोन: ९० पेक्षा जास्त, १८० पेक्षा कमी. आपल्या समोर उघडा ठेवलेला लॅपटॉप.
- सरळकोन: १८०. टेबलावर पूर्ण उघडून सपाट केलेलं पुस्तक.
- प्रविशालकोन: १८० पेक्षा जास्त, ३६० पेक्षा कमी.
- पूर्णकोन: ३६०. भुजा अख्खी गोल फिरून परत जागेवर.

सेमीवाल्यांच्या पुस्तकात अक्यूट, राईट, ऑब्ट्यूज, रिफ्लेक्स असतं, ते अनुक्रमे लघु, काट, विशाल आणि प्रविशाल, घाबरायचं कारण नाही.

४. सुरुवात स्वयंपाकघरापासून करा

बेडरूम, हॉल, कपाटं सगळी काटकोनांनी भरलेली. मजा स्वयंपाकघरात आहे.

पोळीपासून बघा. आजी घडीची पोळी करते तेव्हा आधी पुरीएवढं गोल लाटते, तेल लावून अर्ध्यात दुमडते, परत तेल लावून परत दुमडते. गोल म्हणजे मध्याभोवती ३६०, अर्धं केलं १८०, परत अर्धं केलं ९०. म्हणजे लाटायच्या आधी पोळपाटावर जो तिकोनी तुकडा असतो त्याचं टोक म्हणजे काटकोन! धाकटा त्यावर कोनमापक टेकवायला निघाला होता, आजीने लाटणं दाखवलं. कागदाचा गुण्या वरून नुसता धरून बघा, पिठाला लावू नका. आणि लाटायच्या आधीच बघा, एकदा लाटायला लागली की टोक गोल होऊन जातं. भाकरी असेल तर अजूनच सोपं, चतकोर भाकरीचं टोक म्हणजे काटकोन, अर्ध्या भाकरीची कापलेली कड म्हणजे सरळकोन. चतकोर म्हणजे चौथा हिस्सा, ३६० चा चौथा हिस्सा ९०, शब्दातच उत्तर आहे.

पण आमच्या प्रोजेक्टचा हिरो ठरला शंकरपाळी. दिवाळीचा डबा शेजारीच होता. एक शंकरपाळी घेतली, कागदावर ठेवून भोवतीने पेन्सिल फिरवली, चारही कडा पट्टीने सरळ केल्या आणि मोजलं: ६४, ११६, ६४, ११७. मग दुसरी घेतली, ती जरा चपटी निघाली, ५५ आणि १२५. शेजारच्या दोन कोनांची बेरीज दोन्ही वेळा १८० च्या आसपास. असं का होतं ते पोळपाटावर बघा: आई कातण्याने आधी एका दिशेने समांतर रेघा मारते, मग तिरक्या दुसऱ्या दिशेने. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे एका बाजूला लघुकोन झाला की त्याला लागूनच विशालकोन होणार, आणि दोघांचे मिळून सरळकोन, कारण मूळ रेघ सरळच आहे ना. पुढे सातवीत यालाच पूरक कोन म्हणतात. एका शंकरपाळीत दोन लघु आणि दोन विशाल, एकाच फटक्यात यादीत चार कोन. (११७ का आलं? तळताना फुगते आणि वाकडी होते. ११७ च लिहिलं आम्ही, खोडून ११६ केलं नाही, ते का ते शेवटच्या पायरीत सांगते.)

प्रविशालकोन सापडत नाही म्हणून बरीच मुलं रडकुंडीला येतात. खरं तर तो प्रत्येक कोनाच्या पाठीमागे असतोच, कात्री ४० अंश उघडली की बाहेरून मोजलं तर ३२०. पण वहीत दाखवायला दणदणीत उदाहरण हवं असेल तर चांदणीचा आकाशकंदील बघा. पाच टोकांची रेखीव चांदणी असेल तर प्रत्येक टोक ३६ अंशांचं, झाला लघुकोन. आणि दोन टोकांच्या मधे जी खाच असते तिथे आतल्या बाजूने, म्हणजे कंदिलाच्या पोटाच्या बाजूने मोजलं तर २५२, झाला प्रविशालकोन. कंदील खाली काढायची गरज नाही, कार्डपेपरवर चांदणी काढून घ्या आणि तिच्यावर मोजा.

५. कोन कागदावर उतरवा, कोनमापक वस्तूवर नेऊ नका

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि कुणी सांगत नाही.

कोनमापक खुर्चीच्या पाठीला किंवा कात्रीला धरून मोजायला गेलात तर हात हलतो, मधला बिंदू जुळत नाही, वैताग येतो. त्याऐवजी त्या दोन पुठ्ठ्याच्या पट्ट्या टोकाजवळ एकावर एक ठेवून टाचणीने जोडा, टाचणीचं टोक मागून वाकवून त्यावर चिकटपट्टी लावा म्हणजे टोचणार नाही. जरा घट्टच बसू द्या, ढिल्या झाल्या की उपयोग नाही. आता पट्ट्या जिथे टाचणीने जोडल्यात ती जागा वस्तूच्या शिरोबिंदूला लावा, एक पट्टी एका भुजेला टेकवा, दुसरी दुसऱ्या भुजेला, आणि न हलवता तशीच उचलून वहीवर ठेवा. पट्ट्यांच्या कडेने रेघा मारा. कोन वहीत आला, आता शांतपणे मोजा. सुतारसुद्धा तिरकी कापणी एका लाकडावरून दुसऱ्यावर न्यायला अशीच फिरती पट्टी वापरतात.

दारासाठी खडू. बंद दाराच्या खालच्या कडेने फरशीवर रेघ मारा, दार उघडा, परत कडेने रेघ मारा, दोन्ही रेघा पट्टीने बिजागरीच्या दिशेला वाढवा. बोटं दारात सापडणार नाहीत असं बघा, आणि नंतर फरशी पुसा नाहीतर प्रोजेक्ट बाजूलाच राहील.

आता त्या फाडलेल्या पानाची गोष्ट. आम्हाला वाटलं मोबाईलवर फोटो काढू, प्रिंट मारू आणि फोटोवरच कोन मोजू, केवढं स्मार्ट काम! टेबलाचा कोपरा मोजला तर ११२ आला. परत मोजला, ११२. शेवटी कळलं की टेबलाचा फोटो तिरका घेतलाय, आणि तिरक्या फोटोत लांबची कड आखडते, कोपरे पसरतात किंवा चिमटतात, खऱ्या काटकोनाचा फोटोत विशालकोन होतो. तोवर आठ फोटो पक्क्या वहीत चिकटवून खाली आकडे लिहून झाले होते. फोटो शोभेला लावा, मोजायला नाही. मोजायचाच असेल तर बरोबर समोरून किंवा बरोबर वरून घेतलेला पाहिजे, जरासुद्धा तिरका नको.

६. कोनमापक लावताना होणाऱ्या चुका

पहिली, कोनमापकाची खालची कड रेघेवर ठेवणं. बहुतेक प्लास्टिकच्या कोनमापकांत शून्याची रेघ कडेच्या थोडी वर असते, ती रेघ भुजेवर आली पाहिजे आणि मधली फुली शिरोबिंदूवर. दुसरी, दोन आकड्यांचा घोळ. कोनमापकावर आतले आकडे एकीकडून आणि बाहेरचे दुसरीकडून चालतात, त्यामुळे एकाच रेघेवर ४० पण असतं आणि १४० पण. धाकट्याने कात्रीचा कोन १४० लिहिला होता, म्हटलं एवढी उघडलेली कात्री दाखव बरं मला. उपाय सोपा: तुमची एक भुजा ज्या शून्यावर आहे त्याच शून्यापासून मोजत जायचं, आणि मोजायच्या आधी घडीच्या कागदाने प्रकार ठरवून ठेवायचा. लघुकोन ठरलेला असेल तर १४० येऊच शकत नाही.

रेघ कोनमापकाच्या आकड्यांपर्यंत पोचत नसेल तर पट्टीने पुढे वाढवा. कोन बदलत नाही. प्रविशालकोन अर्धगोल कोनमापकाने थेट मोजता येत नाही, आतला छोटा मोजून ३६० तून वजा करा.

७. काही कोन न मोजताच येतात

पंख्याला तीन पाती, ३६० भागिले ३, दोन पात्यांमधे १२०. चार पाती असतील तर ९०. बंद पंख्याकडे खालून नुसतं बघायचं, स्टुलावर चढायचं नाही. झेंड्यावरच्या अशोकचक्रात २४ आरे, म्हणजे दोन शेजारच्या आऱ्यांमधे १५ अंश, आणि एका आऱ्यापासून पुढचा सहावा आरा घेतला की काटकोन.

घड्याळ सगळेच लिहितात आणि सगळेच चुकतात. बारा तास म्हणजे ३६०, एका तासाच्या घराचे ३०. तीन वाजता ९०, चार वाजता १२०, सहाला १८०, इथवर ठीक. पण साडेतीनला? मिनिटकाटा ६ वर, तासकाटा ३ वर, मधे तीन घरं, ९०, असं म्हणालात तर गेले मार्क. साडेतीनला तासकाटा ३ वर नसतोच, तो ३ आणि ४ च्या मधोमध आलेला असतो, म्हणजे १५ अंश पुढे. ९० मधून १५ गेले, ७५ उरले, लघुकोन! मिनिटकाटा एका मिनिटात ६ अंश चालतो आणि तासकाटा अर्धा अंश, एवढं लक्षात ठेवलं की कुठलीही वेळ काढता येते. जमतंय का बघायला दहा वाजून दहा मिनिटं करून बघा, ११५ यायला पाहिजे.

८. घराबाहेर

घसरगुंडी, सायकलचा स्टँड, भिंतीला टेकवलेली शिडी. रंगाऱ्याने शिडी लावली की बघा, चार फूट उंचीला पाया साधारण एक फूट भिंतीपासून लांब ठेवतात, तेव्हा जमिनीशी कोन ७५ च्या आसपास होतो. जास्त उभी केली तर मागे पडायची भीती, जास्त आडवी केली तर पाय घसरतो.

आमच्या शेजारी बांधकाम चालू होतं म्हणून एक भारी गोष्ट बघायला मिळाली. गवंडीकाकांना खोलीचा कोपरा आखायचा होता. एवढ्या मोठ्या कोपऱ्याला हातातला गुण्या पुरत नाही, मग त्यांनी कोपऱ्याच्या खुंटीपासून दोन दोऱ्या ताणल्या, एका दोरीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर खूण, आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर टेपने मोजलं. ते पाच फुटांना दोन बोटं कमी भरलं. लगेच दुसरी दोरी किंचित बाहेर सरकवली, परत मोजलं, पाच. "आला गुण्यात," म्हणाले आणि खुंटी ठोकली. कोनमापक नाही, अंश नाही, तरी काटकोन पक्का. हे तीन-चार-पाच का चालतं त्याचं कारण पुढे पायथागोरसच्या सिद्धांतात येतं, पण करून आजच बघता येईल, अंगणात खडूने आणि टेपने. फूट नको असेल तर ३०, ४० आणि ५० सेंटीमीटर घ्या.

एक रात्रीचं पण सांगते, प्रोजेक्टला लागत नाही पण मला आवडतं. हात पूर्ण ताणून समोर मूठ धरा, मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. उत्तरेला क्षितिजापासून एकावर एक दोन मुठी रचल्या की मुंबई-पुण्याकडून ध्रुवतारा जवळपास तिथेच सापडतो, कारण जागेचा अक्षांश जेवढा तेवढाच ध्रुवतारा वर दिसतो आणि मुंबईचा अक्षांश १९ च्या आसपास आहे. शहराच्या उजेडात दिसेलच असं नाही.

९. वहीत मांडणी

रकाने पाच ठेवा: वस्तू, शिरोबिंदू कुठे आहे, मोजायच्या आधीचा अंदाज, मोजलेलं माप, प्रकार. अंदाजाचा रकाना मुद्दाम ठेवा, पहिल्या पाच वस्तूंत आमचे अंदाज वीस-वीस अंशांनी चुकले आणि शेवटच्या पाचांत चार-पाच अंशांनी, ते बघूनच मॅडमनी शेरा दिला.

मापं आली तशी लिहा. खोलीचा कोपरा ८९ आला तर ८९ लिहा, प्लास्टर कमीजास्त असतं, तुमचाही एखादा अंश चुकतो, बाजूला 'अंदाजे काटकोन' लिहिलं की झालं. सगळी मापं ९०, ६०, ४५, १२० अशी गोल गोल आली की मॅडमना लगेच कळतं की घरी बसून ठोकून दिलंय.

प्रकारांचा हिशोब एकदा लावून बघा. वीसमधे लघु, काट, विशाल प्रत्येकी चार-पाच, सरळ दोन, प्रविशाल दोन, शून्य आणि पूर्ण एकेक, एवढं बसलं की बास. काटकोनच पंधरा झाले असतील तर पहिल्या पायरीवर परत जा.

आणि पानं फाईलला लावताना पंचिंग मशीन कुठे लागतंय ते आधी बघून घ्या, समासाच्या अगदी जवळ आकृती काढू नका. आमच्या दोन पानांवर भोक बरोबर शिरोबिंदूवर पडलंय.